चोवीस फुटांचा संसार

आपल्या व्यापारी घरांत एक वाक्य पिढ्यान् पिढ्या ऐकू येते : ‘एकदा दुकान मुलांच्या हाती सोपवले, की आपण दोघे निघू.’ कोठे जायचे हे ठरलेले असते. केव्हा, ते मात्र ठरत नाही. माझे काका हे वाक्य तीस वर्षे उच्चारत राहिले. पुढे काकू यात्रेला गेल्या, पण एकट्या. त्यामुळेच की काय, लिन आणि लॅरी पार्डी या दाम्पत्याच्या सागरप्रवासाची हकिगत वाचताना माझे मन समुद्रापेक्षा त्यांच्या निघण्याच्या तयारीपाशीच अधिक रेंगाळले.

लॅरी मूळचा कॅनडाचा, लाकूडकामात निष्णात. लिन अमेरिकेची, शिडाच्या नौकेशी तिचा पूर्वी फारसा संबंध नव्हता. १९६५ साली कॅलिफोर्नियात त्यांची भेट झाली. लाइल हेस यांच्या आराखड्याबरहुकूम त्यांनी स्वतःच्या हातांनी नौका बांधली आणि १९६८ साली ‘सेराफिन’ पाण्यात उतरली. लांबी अवघी २४ फूट! आपल्या बाजारपेठेतील जुनी दुकाने रस्त्यापासून मागच्या कोठीपर्यंत याहून लांब असतात.

एवढी लहान का? मोठी नौका म्हणजे मोठे शीड, जड नांगर, बंदरात अधिक भाडे आणि दुरुस्तीचा न संपणारा खर्च. तेवढे पैसे साठेपर्यंत थांबायचे, तर उमेदीची वर्षे निघून जाणार. इंजिनही त्यांनी बसवले नाही. वारा पडला की नौकेच्या मागच्या बाजूने एक लांब वल्हे चालवायचे; रात्री घासलेटचे दिवे. मला हा हट्ट वाटला, आणि खरे सांगायचे तर अजूनही थोडा वाटतो. बंदराच्या तोंडाशी वारा पडावा, प्रवाह खडकांकडे ओढू लागावा आणि भिस्त केवळ एका वल्ह्यावर असावी, याला छाती लागते. परंतु इंजिन नाही म्हणून त्याची किंमत नाही, इंधन नाही, आणि त्याची जागा सामानाला मोकळी.

१९६९ साली ते निघाले, तेव्हा जन्मभर पुरेल एवढी पुंजी त्यांच्यापाशी नव्हती. लॅरीची हत्यारे मात्र नौकेत होती. वाटेत थांबून इतरांच्या नौका दुरुस्त करायच्या, कोणाची नौका मालकाच्या बंदरी पोहोचवायची, चार पैसे जमले की पुन्हा शीड उभारायचे. पुढे लेखनाचेही उत्पन्न मिळू लागले.

आमच्या भगिनींना कोठीची व्यवस्था अधिक रंजक वाटेल. जपानहून कॅनडास जाताना त्यांना ४९ दिवस लागले. माणशी रोज अर्धा गॅलन पाणी हा अशा प्रवासाचा सर्वसाधारण हिशेब. म्हणजे दोघांना मिळून ४९ गॅलन, सुमारे १८५ लिटर; आपल्याकडे एवढे पाणी एका घरात दिवसभरात सहज संपते. लांब पल्ल्याच्या नौकांवर भांडी समुद्राच्या पाण्याने धुतात. पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच टाकून देतात, कारण त्यांतून झुरळांची अंडी आत येतात. दमट हवेत डब्यांवरचे कागद सुटतात, म्हणून आतील वस्तूचे नाव डब्यावरच रंगाने लिहून ठेवतात. लिनने पुढे या प्रवासातील भोजनव्यवस्थेवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

एक बाब मात्र कोणत्याही यादीत बसत नाही. त्या काळी अशा प्रवाशांची घरची पत्रे पुढच्या बंदरातील टपाल कार्यालयात वाट पाहत पडून असत. आई-वडिलांचे दुखणे मुलाला कळेपर्यंत महिना उलटून गेलेला असे. आपल्या घरांतील माणसांचा पाय येथेच अडतो, आणि तो अडणे मला गैर वाटत नाही. काकांचाही आधी आजीसाठीच अडला होता. आजी गेल्यावर मग दुकानाचे निमित्त झाले, त्यानंतर जी.एस.टी.चे. या दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणाविषयी काकूंचे मत निराळे आहे. ते त्या आजही स्पष्टपणे ऐकवतात.

पार्डी दाम्पत्याची पृथ्वीप्रदक्षिणा अकरा वर्षांनी पूर्ण झाली. त्यानंतर ते कॅलिफोर्नियातील एका आडरानातील दरीत, समुद्रापासून दूर, राहावयास गेले आणि तेथे पुन्हा नौका बांधू लागले. १९८३ साली ती ‘टॅलिसिन’ पाण्यात उतरली. लांबी पाच फुटांनी वाढली होती. इंजिन याही वेळी नव्हते.