सिकाई: महागडी मशीन की पूर्ण उपचार?

घरात कॅन्सर निघाला की नेर परसोपंतसारख्या गावात दोन सल्ले लगेच मिळतात. एक म्हणतो, शेत गहाण टाका पण नवी मशीन गाठा. दुसरा म्हणतो, सिकाई ती सिकाईच, कुठेही घ्या. आमच्या मते दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. कोणती पद्धत लागेल, हे कॅन्सर कुठे आहे त्यावर ठरते.

कोबाल्ट मशीनमध्ये किरणोत्सारी धातूतून किरणे निघतात, लिनॅक विजेवर चालते. थ्रीडी पद्धतीत सीटी स्कॅन पाहून किरणे गाठीच्या आकाराला जुळवतात. आयएमआरटीत झोताची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करता येते, म्हणून शेजारचे अवयव बरेच वाचतात. मशीनवरच फोटो घेऊन जागा तपासली, तर ती आयजीआरटी.

आपल्या विदर्भात खर्रा घराघरात शिरला आहे, त्यामुळे तोंड-घशाच्या कॅन्सरपासून सुरुवात करू. इथे लाळग्रंथी अगदी जवळ असतात. ब्रिटनमध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांना एका वर्षानंतर तोंड कोरडे पडण्याचा त्रास जुन्या पद्धतीत 74 टक्के, तर आयएमआरटीत 38 टक्के होता. ज्याला घास गिळता येत नाही, त्याला हा फरक विचारा!

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबाबत पुरावा आपल्या मुंबईचाच आहे. टाटा मेमोरियलने ऑपरेशन झालेल्या 300 महिलांवर थ्रीडी आणि आयजीआरटीसह आयएमआरटी यांची तुलना केली. तीन वर्षांत आतड्यांचा त्रास 42 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर आला. पण आजार आटोक्यात ठेवण्यात दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या. म्हणजे नवे तंत्र त्रास कमी करते, जास्त बरे करते असे नाही. आणि ऑपरेशन न करता सिकाईवरच भर असेल, तर आतून दिली जाणारी ब्रॅकीथेरपी टाळून चालत नाही. लाजेपोटी ती अर्धवट सोडणे जिवावर बेतू शकते.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर दिवसच कमी झाले. 2020 मधील ब्रिटिश चाचणीत एका आठवड्यातील 5 सिकाया, तीन आठवड्यांतील 15 सिकायांइतक्याच परिणामकारक ठरल्या. नेरहून नागपूरला जाणाऱ्या बाईसाठी हे मोठेच. खारघरला टाटाच्या केंद्रात 2023 पासून प्रोटॉन थेरपीही आहे. तिचा फायदा मुख्यतः लहान मुलांना आणि नाजूक जागच्या गाठींना होतो, प्रत्येकाला ती लागत नाही.

म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: या जागेसाठी कोणती पद्धत, का, आणि किती दिवस? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते, तेही आधीच पाहा. तोंड-घशाची सिकाई आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालते. मध्ये खंड पडला तर आजार परत डोके काढतो. लग्न, पेरणी, प्रवासखर्च, कशासाठीही खंड नको. रमजानमध्ये आजारी माणसाला रोजे पुढे ढकलण्याची सवलत दीननेच दिली आहे, ती घ्या.

आणि जमातीला आमची विनंती: सदक्याच्या पैशातून एखाद्या गरीब रुग्णाच्या नागपुरातील राहण्या-जेवणाची सोय करा. पुष्कळदा उपचार मशीनअभावी नव्हे, भाड्याअभावी सुटतो.