पान पिवळं पडलं, आधी काय बघायचं?



पावसाळा आला की शाळेत मुलांना रोप लावायला सांगितलं जातं. साकीनाक्यासारख्या दाटीच्या वस्तीत अंगण कुणाकडे असणार? खिडकीच्या ग्रीलमधली कुंडी, नाहीतर रंगाचा रिकामा डबा, हीच मुलांची बाग. काही दिवसांत पानं पिवळी पडतात. घरातले म्हणतात, "पाणी घाल अजून." मग खत. शेवटी रोप मरतं आणि मूल म्हणतं, "माझ्या हातून झाड जगतच नाही."

माझं स्पष्ट मत आहे, पाण्याचा तांब्या उचलण्याआधी मुलाला तीन गोष्टी बघायला शिकवाव्यात.

पहिली, माती. बोट पेरभर आत घालावं. माती ओली असूनही पानं पिवळी आणि मरगळलेली असतील, तर बहुधा पाणीच जास्त झालंय. डब्याला खाली भोक आहे का ते बघा. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि मग पाणी असूनही रोप तहानलेलं दिसतं.

दुसरी, कोणतं पान पिवळं? नत्र कमी पडलं की रोप जुन्या पानांतलं नत्र नव्या पानांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. लोह तसं सहज हलत नाही. ते कमी पडलं तर शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात, शिरा मात्र हिरव्या राहतात.

तिसरी, पानाची मागची बाजू. मिरचीची पानं वर वळली असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळली असतील तर कोळी. तिथे खत घालून काय उपयोग?

आता गुणांचं बोलू. रोप जगलं तर गुण, ही पद्धत मला पटत नाही. काही मुलं नर्सरीतून नवं रोप आणून ठेवतात. आणि ज्याच्या खोलीत ऊनच पोहोचत नाही, त्याचं रोप लांबट, फिकट होतं, त्याचे गुण जातात. यात त्या मुलाचा काय दोष?

गुण नोंदवहीला द्या. तारीख, कोणतं पान, माती कशी, काय बदललं, पुढे काय झालं. एका वेळी एकच बदल करायचा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं. रोप का मेलं हे नेमकं लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळायला हवेत.

पालकांना एकच विनंती, मुलाच्या कुंडीत त्याला न विचारता पाणी घालू नका.