एकच गळा, दोन न्याय

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे निघालेली एस.टी. पायथ्याशी येते ती पोफळीला. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने इकडे वळवले गेले आणि १९६२ पासून पोफळीच्या भूमिगत वीजघरातली जनित्रे फिरू लागली. त्या विजेने महाराष्ट्रातले कारखाने चालले, शहरे उजळली. विजेच्या पाठोपाठ वाड्यावस्त्यांवर आणखी एक वस्तू आली, तिच्याकडे मात्र कुणी फारसे लक्ष दिले नाही. ती म्हणजे मांडवाच्या खांबाला बांधलेला कर्णा! रेडिओ ऐकायला घरात बसावे लागे. कर्णा आल्यावर गाणे आपणहून घरात शिरू लागले. तेव्हापासून मराठी माणसाच्या आवडीनिवडीचे भांडण जे चव्हाट्यावर आले, ते आजतागायत मिटलेले नाही.

या भांडणाच्या केंद्रस्थानी गेली चार दशके एक आवाज आहे, आनंद शिंदे यांचा. १९८० च्या दशकात 'नवीन पोपट हा' या गाण्याची कॅसेट बाजारात आली आणि लग्नाच्या वरातीपासून एस.टी. स्टँडवरच्या पानपट्टीपर्यंत तेच गाणे वाजू लागले. एका बाजूला बेहोश होऊन नाचणारी पोरे आणि दुसऱ्या बाजूला कपाळाला आठ्या घालून खिडक्या लावून घेणारी घरे, असे चित्र गावोगाव दिसू लागले. 'काय हा थिल्लरपणा!' असे म्हणणारे म्हणत राहिले आणि नाचणारे नाचत राहिले. त्या वेळी नाचलेल्यांना आज नातवंडे झाली असतील, पण गाणे काही गेले नाही. इंग्रजीत ज्याला 'पॉप' म्हणतात, त्याचा साधा अर्थ लोकप्रिय. त्या अर्थाने मराठीत पॉप गायक शोधायचा झाला, तर गिटार घेतलेल्या तरुणांच्या आधी आनंद शिंदे यांचेच नाव घ्यावे लागेल.

लोकप्रियता पुष्कळांना मिळते आणि एका पावसाळ्यात वाहूनही जाते. मग हा आवाज का टिकला? नुसत्या चावटपणावर कुणी चाळीस वर्षे उभा राहत नाही. या गळ्यामागे एक घराणे आहे. शास्त्रीय संगीतातल्या घराण्यांच्या यादीत ते सापडणार नाही, पण ते आहे. आनंद शिंदे यांचे वडील प्रल्हाद शिंदे कव्वालीत, लोकगीतात, भक्तिगीतात आणि भीमगीतात मुरलेले. ध्वनिक्षेपकाची मेहेरबानी न मागता शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा, वरच्या पट्टीत मोकळा सुटणारा असा तो आवाज होता. २००४ मध्ये ते गेले. त्यांची मुले आनंद आणि मिलिंद यांनी तो वारसा कॅसेटच्या युगात नेला, तर नातू आदर्श शिंदे यांनी तो मराठी चित्रपटाच्या नव्या पिढीपर्यंत पोहोचवला. २०१३ च्या 'दुनियादारी'मधले आदर्श यांचे गाणे महाविद्यालयीन मुलांनी डोक्यावर घेतले आणि २०१६ च्या 'पोश्टर गर्ल'मध्ये बापलेक एकत्र गायले. तीन पिढ्यांनी एकाच जातीची मोकळी, उघडी गायकी लोकांसमोर ठेवावी आणि लोकांनी ती तिन्ही वेळा उचलून धरावी, हा काही योगायोग नव्हे.

आता एक गंमत पाहा. आषाढी जवळ आली की 'पाऊले चालती पंढरीची वाट' हे गाणे ज्या घरांत भक्तिभावाने लावले जाते, त्यांतली कितीतरी घरे आनंद शिंदे यांच्या नावाने नाक मुरडणारी असतात. ते गाणे प्रल्हाद शिंदे यांचे आहे, हे त्यांतल्या अनेकांच्या ध्यानीही नसते. गणेशोत्सवात सकाळी आरतीच्या आधी जो आवाज मांडव पवित्र करतो, त्याच घराण्याचा आवाज विसर्जनाच्या संध्याकाळी वाजला की तो 'त्यांचा' होतो. सकाळी आपला आणि संध्याकाळी परका! एकाच गळ्याला आपण असे दोन न्याय लावतो.

यात आणखी एक पदर आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शिंदे घराणे आंबेडकरी चळवळीच्या गाण्याशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले. १४ एप्रिलला वस्तीवस्तीत जी भीमगीते वाजतात, त्यांत या घराण्याचा वाटा फार मोठा. ज्यांच्या पूर्वजांना पंढरीच्या देवळाची पायरी चढू दिली नव्हती, त्या समाजातल्या गायकाने विठ्ठलाचे गाणे घराघरात नेले, ही महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातली केवढी मोठी घटना! पण आपण ते गाणे घेतले आणि गाणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवले. म्हणून 'गावठी', 'थर्ड क्लास' हे शब्द जेव्हा सहज ओठावर येतात, तेव्हा ते गाण्याविषयी आहेत की गाणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या वस्तीविषयी, हे प्रत्येकाने एकदा आपल्याशीच तपासून पाहायला हवे.

द्वयर्थी शब्दांचा आक्षेप नेहमी पुढे केला जातो. पण तो आक्षेप आपण सर्वांना सारखा लावतो का? पेशवाईच्या अखेरच्या काळात होनाजी बाळाने शृंगाराने ओथंबलेल्या लावण्या रचल्या आणि त्याच होनाजीची भूपाळी आपण पहाटे हात जोडून ऐकतो. ग. दि. माडगूळकरांनी १९५५-५६ मध्ये आकाशवाणीसाठी गीतरामायण लिहिले आणि १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'साठी तमाशातली ठसकेबाज लावणीही लिहिली. त्यावरून त्यांना कुणी पंगतीतून उठवले नाही, आणि ते योग्यच झाले. सुलोचना चव्हाण डोक्यावरचा पदर ढळू न देता अशा लावण्या गायल्या, की ज्यांचा दुसरा अर्थ समजायला फार विद्वत्ता लागत नव्हती. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला आनंद झाला. म्हणजे शब्दाला दोन अर्थ असणे, एवढाच काही गुन्हा नव्हे. मराठी रसिकाला तो खेळ जुनाच ओळखीचा आहे.

कोकणाला तर ही गोष्ट मुळीच नवी नाही. चिपळूण-गुहागर पट्ट्यातली जाखडी घ्या. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहतात. आधी गण, मग गवळण, आणि मग सवाल-जबाबात एकमेकांची अशी काही उडवतात की मांडवातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही हसू आवरत नाही. नमनात देवाचे नाव घेऊन झाले की थोड्याच वेळात संकासुर येऊन धुमाकूळ घालतो. गाजत असलेल्या गाण्याची चाल उचलून तिच्यावर आपले शब्द बसवणे हाही तिथला रिवाजच. भक्ती आणि टवाळी एकाच रात्री, एकाच मांडवात नांदत आलेली आहेत. प्रल्हाद शिंदे यांचे भक्तिगीत आणि आनंद शिंदे यांचा 'पोपट' हे त्याच रात्रीचे दोन प्रहर आहेत असे म्हटले, तर ते वावगे ठरू नये.

मग एवढा कलह का माजला? त्याचे एक कारण कॅसेटमध्ये आहे. तोवर कुणाचे गाणे लोकांपर्यंत जायचे हे मोजकी माणसे ठरवत. आकाशवाणीवर गायचे तर आवाजाची परीक्षा द्यावी लागे. रेकॉर्ड काढायची तर ग्रामोफोन कंपनीचे दार ठोठवावे लागे. स्वस्त कॅसेट आली आणि ही दारे अडवून धरण्यात काही अर्थ उरला नाही. थोड्या खर्चात गाणे मुद्रित होऊ लागले, पानाच्या टपरीवर विकले जाऊ लागले आणि मुंबईहून सणाला येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीतून कोकणातल्या वाडीत उतरू लागले. समाजाचा जो भाग तोवर फक्त ऐकत होता, तो आता स्वतःच्या पैशाने स्वतःची आवड निवडू लागला. अभिरुचीचे राखणदार अस्वस्थ झाले, त्यामागे हेही एक कारण होते.

अशा राखणदारीचा इतिहास फारसा यशस्वी नाही. १९५२ मध्ये केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतांना हद्दपार केले. हेतू शुद्ध होता, शास्त्रीय संगीताविषयीची तळमळ खरी होती. पण श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले, आणि अखेर १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. पश्चिम बंगालमध्ये १९८३ च्या सुमारास मंत्री जतीन चक्रवर्ती यांनी उषा उथुप यांच्या गाण्याला 'अपसंस्कृती' ठरवले. कांजीवरम साडी नेसून, ठसठशीत टिकली लावून पॉप गाणाऱ्या या मुंबईत जन्मलेल्या गायिकेने न्यायालयात दाद मागितली आणि ती जिंकली. २०२४ मध्ये तिला पद्मभूषण जाहीर झाले. आपल्याकडेही उदाहरण आहे. 'कोंबडी पळाली' हे आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलेले गाणे आले, तेव्हा त्यालाही नाके मुरडली गेली. तीच चाल २०१२ मध्ये 'अग्निपथ' या हिंदी चित्रपटात 'चिकनी चमेली' होऊन आली, आणि मोठमोठ्या हॉटेलांतल्या लग्नांत वऱ्हाडी त्यावर नाचले. गल्लीत वाजले की गावंढळ आणि गालिच्यावर वाजले की फॅशन, असा हा न्याय!

पण एवढे म्हणून विरोधकांना सोडून देणे म्हणजे दुसऱ्या बाजूने अन्याय करणे होय. त्यांच्या तक्रारीत एक खरे दुःख आहे, आणि ते पुष्कळदा घरातल्या बाईचे असते. रस्त्यावरून वरात चालली आहे, कर्णकर्कश आवाजात एखादे गाणे वाजते आहे, त्यातल्या शब्दाशब्दावर पोरे शिट्ट्या मारताहेत, आणि एक आई आपल्या वयात आलेल्या मुलीचा हात धरून भिंतीच्या कडेने वाट काढते आहे. तिने ते गाणे मागितलेले नाही. ते बंद करायचे बटण तिच्या हाती नाही. जाखडीच्या मांडवात सवालाला जबाब द्यायला समोर कुणी तरी उभे असते. इथे त्या मायलेकींनी कुणाला जबाब द्यायचा? तमाशात शृंगार आहे, पण तिथे जाणारा तिकीट काढून, ठरवून जातो. कर्ण्याने ही सीमारेषाच पुसून टाकली. पुढे कर्ण्याच्या जागी डीजेच्या भिंती आल्या, तेव्हा तर छातीचे ठोके चुकावेत इतका आवाज वाढला. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावेत, वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा पाळावी, असे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिले आहे. सणासुदीला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभाही त्यात आहे. ते नियम कसे पाळले जातात, हे मिरवणुकीच्या वाटेवर राहणाऱ्या कोणत्याही आजारी माणसाला विचारावे.

म्हणजे भांडण दोन आहेत, आणि आपण ती एकात मिसळून टाकली आहेत. एक भांडण आवाजाच्या मोठेपणाशी आहे. ते रास्त आहे, आणि ते भजनालाही तितकेच लागू आहे. पहाटे पाचला कर्ण्यावरून कानात ओतलेला अभंग आणि रात्री बाराला ओतलेला 'पोपट' यांत त्रासाच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही. दुसरे भांडण शब्दांशी आहे. तेही करावे, पण गायकाचे नाव किंवा आडनाव पाहून करू नये. एकेक गाणे हाती घेऊन करावे. या गाण्यातले हसू नेमके कुणाच्या जिवावर आहे? दोघे मिळून हसताहेत, की एकीला हसले जाते आहे? या एका प्रश्नाने बरेचसे धान्य आणि भुसा वेगळा होईल. या कसोटीवर काही कॅसेटगीते नापास होतील, यात शंका नाही. आपल्या आवडत्या, 'सुसंस्कृत' चित्रपटगीतांतलीही काही होतील, हे मात्र विसरू नये.

घरात ही चर्चा झाली पाहिजे. आजोबांनी 'बंद कर ते' म्हणावे, नातवाने कानात बोंड खुपसून मोबाइलवर तेच ऐकावे, आणि मधल्या पिढीने दोघांची समजूत घालत बसावे, याने कुणाचीच अभिरुची सुधारत नाही. त्यापेक्षा प्रल्हाद शिंदे यांचे एक भक्तिगीत, या घराण्याचे एक भीमगीत आणि आनंद शिंदे यांचे एक उडते गाणे अशी तीन गाणी एका बैठकीत सर्वांनी मिळून ऐकावीत. आवाज घरात मावेल एवढाच ठेवावा. सूर कुठून कुठे जातो, हलगी आणि ढोलकी त्याला कशी खेळवते, शब्द कुठे चपखल बसला आणि कुठे घसरला, हे मुलांना आपल्या तोंडाने सांगावे. आवडले नाही तर का आवडले नाही, हेही सांगावे. मुलगा-मुलगी दोघांनाही बोलू द्यावे; कदाचित मुलीला बोचलेला शब्द मुलाच्या लक्षातही आलेला नसेल, आणि तो तिथेच पहिल्यांदा येईल.

नावडते गाणे न ऐकण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि तो राखलाच पाहिजे. पण ज्या गळ्याने आपल्याला पंढरीची वाट दाखवली, त्या घराण्याला मागच्या दाराने आत घेऊन पुढच्या दाराने नाकारायचे, हा शिष्टपणा आता पुरे झाला. गाण्याशी खुशाल भांडावे. गाणाऱ्याला मात्र त्याची पंगतीतली जागा रीतसर पाट मांडून द्यावी.