चॅटबॉट हुशार आहे, पण तुमच्या हातात किती?

"डॉक्टर, रागावू नका, पण मी चॅटजीपीटीला विचारलं. ते म्हणतंय ॲसिडिटी आहे." असं सांगणारे रुग्ण आता रोज भेटतात. मला राग येत नाही. पूर्वी लोक शेजारच्या काकूंना विचारायचे, नंतर गुगलला विचारू लागले. मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. गोळी बाजारात येण्याआधी तिच्या माणसांवर चाचण्या होतात. मग या चॅटबॉटची चाचणी कुणी घेतली, आणि कशी?

वैद्यकीय परीक्षेत चॅटबॉटला उत्तम गुण मिळाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्या खोट्या नाहीत. पण परीक्षेतला रुग्ण फार शहाणा असतो. त्याचं वय, लक्षणं, किती दिवसांपासून त्रास आहे, सगळं एका परिच्छेदात नीट मांडलेलं असतं. माझ्या ओपीडीतला रुग्ण पोटातल्या गॅसबद्दल दहा मिनिटं बोलतो आणि दारापाशी गेल्यावर म्हणतो, "आणि हो, जिना चढताना छाती जरा भरून येते." खरा आजार अनेकदा त्या दारातल्या वाक्यात असतो!

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. त्यांनी ब्रिटनमधल्या १,२९८ सामान्य लोकांना आजारपणाचे दहा काल्पनिक प्रसंग वाटून दिले. काहींना चॅटबॉट दिला, बाकीच्यांना नेहमीच्या मार्गाने माहिती शोधायला सांगितलं. तेच प्रसंग थेट चॅटबॉटला दिले तेव्हा संभाव्य आजार त्याला सुमारे ९५ टक्के वेळा ओळखता आला. पण तोच चॅटबॉट माणसांनी वापरला तेव्हा हे प्रमाण ३५ टक्क्यांच्याही खाली आलं. चॅटबॉट न वापरणाऱ्या गटापेक्षा हा निकाल सरस नव्हता. लोकांनी महत्त्वाचं सांगायचं राहू दिलं होतं, आणि चॅटबॉटनेही ते विचारून घेतलं नव्हतं. मेंदूभोवती रक्तस्राव झाल्याच्या प्रसंगात दोघांनी जवळपास सारखंच वर्णन लिहिलं. त्यातल्या एकाला तातडीने दवाखान्यात जायला सांगितलं गेलं, तर दुसऱ्याला अंधाऱ्या खोलीत पडून राहायला.

म्हणून माझं मत असं, की तपासायला हवी ती माणूस आणि चॅटबॉट अशी जोडी. तेही कंपनीच्या भरवशावर न राहता, कुणालाही उघडून पाहता येतील अशा साधनांनी.

अशी साधनं आहेत. मानसशास्त्राचे प्रयोग करण्यासाठी सायकोपाय, जेएससायक, ओट्री ही सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहेत, म्हणजे त्यांचा कोड सर्वांसाठी खुला असतो आणि परवान्याचे पैसे पडत नाहीत. काम समजायला सोपं आहे. सहभागी व्यक्ती ब्राउझरमध्ये दुवा उघडते, तिला चिठ्ठी टाकावी तसं कुठल्यातरी एका गटात टाकलं जातं, सगळ्यांना सारख्याच सूचना दिसतात, आणि प्रत्येक उत्तर व त्याला लागलेला वेळ नोंदला जातो. त्याला चॅटबॉट जोडला की पूर्ण संभाषण हाती येतं. (आजाराबद्दलचं संभाषण ही खासगी गोष्ट आहे. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सहभागी व्यक्तीची संमती यांशिवाय हे करू नये.)

खुलेपणाचा आग्रह कशासाठी? २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रकाशित प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आले. मूळ शोधनिबंधांपैकी ९७ टक्क्यांत ठळक परिणाम नोंदला होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच दिसला. प्रयोग जसाच्या तसा दुसऱ्याच्या हाती देता आला, तरच अशी फेरतपासणी होते.

इथे एक मोठी अडचण आहे. साधन खुलं असलं तरी त्याला जोडलेला चॅटबॉट बहुधा बंद पेटीतला असतो. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीमध्ये एक बदल केला. त्यानंतर ते वापरणाऱ्याच्या हो ला हो इतकं मिळवू लागलं, की काही दिवसांतच कंपनीला तो बदल मागे घ्यावा लागला. बीपीच्या गोळीच्या पाकिटावर नाव तेच, आणि आतलं औषध मात्र रातोरात बदललेलं, असं चालेल का तुम्हाला? त्यामुळे डाउनलोड करून एकाच आवृत्तीत जपून ठेवता येतात अशा मॉडेलवरही हे प्रयोग व्हायला हवेत. फक्त त्यांच्यावर होऊन मात्र भागणार नाही, कारण लोकांच्या मोबाइलमध्ये दुसरीच मॉडेल आहेत.

आणि मराठीचं काय? ऑक्सफर्डचा प्रयोग इंग्रजीत झाला. आपल्याकडे "पित्त झालंय" म्हणजे कुणाची मळमळ, कुणाची डोकेदुखी, तर कुणाच्या अंगावर उठलेल्या गांधी. "कणकण", "चमक", "धडधड" हे शब्द रुग्ण लिहितो तेव्हा चॅटबॉट त्यातून काय समजतो, आणि उत्तर वाचून रुग्ण पुढे काय करतो? खुल्या साधनात मराठी मजकूर घालून आपल्या विद्यापीठातल्या मानसशास्त्र विभागाला हे तपासता येईल. जवळच्या मेडिकल कॉलेजने प्रसंग लिहून द्यावेत. खर्चापेक्षा इच्छेचाच प्रश्न जास्त आहे.

तोवर छातीत दुखणं, अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यासाठी टाइप करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. बाकी तक्रारींसाठी चॅटबॉटला विचारलंच असेल, तर मला नुसतं उत्तर सांगू नका. मोबाइल पुढे करा आणि पूर्ण संभाषण दाखवा. तुम्ही काय लिहिलंत आणि काय लिहायचं राहिलं, हे मला आधी पाहायचं असतं.