सायकल आणि पिझ्झा

गेल्या आठवड्यात मी दोन सिनेमे पाहिले. एक मराठी, ‘एलिझाबेथ एकादशी’. दुसरा तमिळ, ‘काक्का मुट्टई’, म्हणजे कावळ्याची अंडी! तसे दोन्ही जुनेच. २०१४ सालच्या चित्रपटांसाठीचा उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या दोघांना मिळून दिला गेला होता. लागोपाठ पाहिले तेव्हा लक्षात आलं, की दोन्हींत गोष्ट एकाच अडचणीची आहे. ती म्हणजे पैसा.

परेश मोकाशी यांच्या ‘एलिझाबेथ एकादशी’मध्ये ‘एलिझाबेथ’ ही कुणी राणीबिणी नाही बरं का, ती आहे सायकल! पंढरपूरच्या ज्ञानेशला त्याच्या बाबांनी बनवून दिलेली. आता बाबा नाहीत. कर्ज थकल्यामुळे आईचं विणकामाचं मशीन बँकेनं नेलंय. ते सोडवायचं तर सायकल विकायची वेळ आलीय. मग ज्ञानेश, त्याची बहीण झेंडू आणि दोस्तमंडळी एकादशीच्या गर्दीत बांगड्या विकायला बसतात. तेही आईला न सांगता!

एम. मणिकंदन यांच्या ‘काक्का मुट्टई’मध्ये चेन्नईच्या झोपडपट्टीतले दोन भाऊ आहेत. रुळांवर पडलेला कोळसा वेचून ते घराला चार पैसे मिळवून देतात. त्यांच्या खेळण्याच्या जागेवर पिझ्झाचं दुकान उभं राहतं आणि दोघांना एकच ध्यास लागतो, पिझ्झा खायचा! किंमत सुमारे ३०० रुपये. समजा रोज १० रुपये बाजूला टाकले, तर किती दिवस लागतील? करा बरं हिशेब! खरी गंमत पुढेच आहे. कसेबसे पैसे जमवून ते दारात जातात, तर त्यांचे कपडे पाहून राखणदार त्यांना आत सोडतच नाही. खिशात पैसे असूनही! हा प्रसंग बघताना मला फार राग आला. तुम्हालाही येईल.

आता माझं मत. ‘काक्का मुट्टई’ उत्तरार्धात थोडा लांबतो. मोठ्यांचं राजकारण सुरू होतं आणि आपले दोन्ही नायक बराच वेळ बाजूलाच पडतात. ‘एलिझाबेथ’ मात्र शेवटपर्यंत मुलांचा हात सोडत नाही. पण दोन्ही मला आवडले, कारण त्यांतली मुलं ‘बिच्चारी’ नाहीत. ती भांडतात, खोड्या करतात, डोकं चालवतात. आणि भाषणबाजी कुठेच नाही.

ज्ञानेश आईपासून लपवतो, ते बरोबर की चूक? मला विचाराल तर चूकच. गर्दीत धाकट्या बहिणीला काही झालं असतं तर? पण तो लपवतो का, हेही बघा. आईला सांगितलं तर ती ‘नाही’ म्हणणार, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

आणि म्हणूनच पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. घरात पैशाचा विषय निघाला, की ‘जा, आत जाऊन खेळा’ असं आपण सहज म्हणतो. मुलं आत जातात खरी, पण कान बाहेरच असतात. अर्धवट ऐकलेलं जास्त घाबरवतं. त्यापेक्षा ‘या महिन्यात जरा ओढाताण आहे’ असं सरळ सांगितलेलं काय वाईट? ऐकून घेण्याइतकी मुलं नक्कीच शहाणी असतात.

दोन्ही सिनेमांचा शेवट मी सांगणार नाही. फक्त ‘काक्का मुट्टई’ बघताना पिझ्झाचा पहिला घास घेतल्यावर त्या दोघांचे चेहरे नीट पाहा. तमिळ येत नाही म्हणून अडून बसू नका. ते चेहरे सगळ्या भाषांत बोलतात!

सिनेमे आई-बाबांच्या सोबतीनं पाहा. आणि ज्ञानेशच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं, ते मला पत्रानं नक्की कळवा हं!