जरा धक्का देता का?

आमच्या फियाटची बॅटरी गेली. या सदराच्या जुन्या वाचकांना या गाडीची दुखणी तोंडपाठ असल्यामुळे सहानुभूतीची अपेक्षा नाही. चीड आली ती दुकानात. भाईंदर पश्चिमेला एका बॅटरीवाल्याकडे गेलो, तर गल्ल्यावरच्या पोरानं मान वर न करता विचारलं, "अंकल, गाडी कौनसी?" म्हटलं, फियाट अकराशे डिलाइट, १९६७. त्यानं मोबाइलवर कंपनी निवडली, साल खाली खाली सरकवत नेलं आणि निकाल दिला, "ये गाडी लिस्ट में नहीं है." गाडी दुकानासमोरच उभी होती, तीही इंजिन चालू ठेवून. बंद केली असती तर पुन्हा सुरू कोण करणार? तिची थरथर त्याच्या काउंटरच्या काचेपर्यंत पोचत होती. पण लिस्टमध्ये नाही म्हणजे नाही.

ही गाडी काही कुठल्या संस्थानिकाच्या तबेल्यातली नव्हे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून डिलाइट बनायला लागली, वडिलांनी नंबर लावून वाट बघून घेतली. हीच पुढे पद्मिनी झाली आणि काळा-पिवळा रंग लावून साऱ्या मुंबईला फिरवत राहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. एवढ्यात विसरले?

मग पोरानं स्वतःच्या मनानं एक बॅटरी काढली. सीलबंद, 'झीरो मेंटेनन्स', आणि वर कडाक्याच्या थंडीत किती करंट देते त्याचा आकडा ठळक छापलेला. भाईंदरला! तिची टर्मिनलं मारुतीला बसतात तसली बारीक. आमच्या गाडीचे क्लॅम्प जाड. त्यावर तोडगाही तयार होता, "तार लपेट देंगे." तार गुंडाळून बसवलेला क्लॅम्प खाडीच्या खाऱ्या, दमट हवेत किती टिकतो हे उत्तनपासून गोल्डन नेस्टपर्यंत कुठल्याही वायरमनला विचारा. पांढरी-हिरवी बुरशी धरते आणि एक दिवस स्टार्टर नुसता 'टक्' करून गप्प बसतो.

ज्यांना खरंच बॅटरी घ्यायची आहे त्यांच्यासाठी कामाचं पटकन सांगून टाकतो. आधी व्होल्ट बघा. १९६६ च्या आधीच्या बऱ्याच फोक्सवॅगन बीटल सहा व्होल्टच्या, आमची फियाट बाराची. मग अर्थिंग बघा. मॉरिस मायनरसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं, उलट जोडलीत तर रेडिओची राख. टर्मिनल डावं-उजवं कुठे येतं ते पाहा, नाहीतर केबल पोचत नाही. बॅटरीवरची तारीख ताजी हवी, कारण शिसं-ॲसिडची बॅटरी फळीवर बसूनही उतरते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवत असेल तर ठीक; बारावर आली तर चार्जरला लावा, दुकानदाराला शिव्या देऊ नका.

आणि आमच्या फियाटसारख्या डायनामोवाल्या गाडीला झाकणं उघडणारी, डिस्टिल्ड वॉटर पिणारीच बॅटरी घ्या, असं माझं ठाम मत आहे. डायनामो हा लहरी प्राणी. पळत्या गाडीत भरभरून देतो, उभ्या गाडीत हात आखडता घेतो. काशीमिऱ्याच्या कोंडीत, पावसाळी संध्याकाळी, दिवे आणि वायपर चालू असताना डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणायला लागतो. म्हणजे समजायचं की बॅटरी खर्ची पडते आहे आणि जमा शून्य. रेग्युलेटर बिघडला की हाच डायनामो बॅटरी उकळवतो. उकळलेल्या बॅटरीत पाणी घालायचं तर झाकण नको?

खरं औषध एकच, गाडी चालवणं. इथे सरकारची गंमत बघा. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा मानाचा नंबर देऊ केला; नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. पण तो घेतला की रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती यांपुरतंच बाहेर पडायचं. म्हणजे मान मोठा आणि बॅटरी मेलेली. मी तो नंबर घेतलेला नाही. रविवारी सकाळी मुर्धा, राई, मोर्वा करत उत्तनपर्यंत जाऊन येतो, आणि वाटेत कुणी विचारलं तर दुरुस्तीला निघालोय म्हणतो. ते कधीच खोटं नसतं.

राहता राहिला धक्का. दुकानापर्यंत गाडी आली ती धक्क्यावरच. आणि त्या सकाळी लक्षात आलं की आमच्या सोसायटीत गाडी ढकलता येणारी माणसं संपत चालली आहेत. एका तरुण शेजाऱ्यानं, मनापासून, मोबाइल काढून ढकलणाऱ्यांचा व्हिडिओ घेतला. दुसऱ्यानं विचारलं, "काका, ढकलल्यावर सुरू कशी होते?" त्याची स्वतःची गाडी ऑटोमॅटिक, ती ढकलून सुरू होतच नाही, टो करून न्यावी लागते. त्याला काय दोष द्यायचा? वॉचमन, दूधवाला आणि एक पार्सलवाला मुलगा असे तिघे कामाला आले. भाषेवरून आमच्या शहरात गेल्या वर्ष-दीड वर्षात बरंच तापलं, मोर्चेही निघाले. डिकीला हात लावून ढकलताना मात्र "और जोर से" आणि "अजून थोडं" एकदमच ऐकू आलं, कुणी कुणाला टोकलं नाही.

डायनामोची एक गोष्ट तेवढी मानली पाहिजे. त्याच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं, त्यामुळे बॅटरी अगदी उतरलेली असली तरी गाडी पळाली की तो स्वतःहून जागा होतो. नव्या गाड्यांच्या अल्टरनेटरला आधी बॅटरीकडूनच थोडा करंट मागावा लागतो.

तेव्हा रस्त्यात कुणी जुनी गाडी घेऊन केविलवाणा उभा दिसला तर उतरा. बंपरला धरू नका, डिकीवर तळवे टेकवा. चालकाला विचारा, चावी लावली आहे ना, दुसरा गिअर टाकून क्लच दाबला आहे ना. तो "सोडतो" म्हणाला की जोर वाढवा आणि इंजिननं घेतलं की बाजूला व्हा. आभार मानायला तो थांबणार नाही. थांबला तर गाडी पुन्हा बंद पडते.