एकच किल्ली, अकरा कुलपे

फोनवर किंवा संगणकावर एखादे खाते उघडले, की ब्राउझर तुम्हांला एक प्रश्न विचारतो : हा पासवर्ड जतन करू का? आपण घाईत असतो. 'हो' म्हणतो आणि विसरून जातो. मीही अनेक वर्षे असेच केले. पासवर्ड जतन करणे चूक आहे, असे माझे म्हणणे नाही. पण जतन केलेले पासवर्ड कधीच न तपासणे ही मोठी चूक आहे, असे माझे ठाम मत आहे.

गेल्या सुट्टीत मी माझे पासवर्ड प्रथमच तपासले. क्रोम ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये पासवर्ड मॅनेजर असतो. त्यात तपासणीची सोय आहे. मी बटण दाबले आणि काही क्षणांत उत्तर आले. कोणते पासवर्ड चोरांच्या यादीत सापडले, कोणते अनेक ठिकाणी वापरले आहेत आणि कोणते कमकुवत आहेत, हे सारे समोर होते. माझा एकच पासवर्ड अकरा ठिकाणी होता. गावाचे नाव आणि जन्मसाल! तो चोरांच्या यादीतही होता. माझ्या ई-मेलचा पासवर्डही तोच. त्या ई-मेलमध्ये माझ्या वर्गातील मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज होते, आधार कार्डाच्या आणि बँकेच्या पासबुकाच्या प्रती होत्या. पालकांनी त्या माझ्यावर विश्वास ठेवून पाठवल्या होत्या. मला अक्षरशः घाम फुटला.

तुम्ही विचाराल, आपण कुणाला सांगितला नाही, तर पासवर्ड चोरीला जातो कसा? चोरी आपल्या घरी होत नाही, ती दुकानात होते. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू नावाच्या अमेरिकन कंपनीचे ३ कोटी २० लाखांहून अधिक पासवर्ड चोरीला गेले. कंपनीने ते सांकेतिक रूपात न ठेवता जसेच्या तसे ठेवले होते. त्यांत सर्वांत जास्त लोकांचा पासवर्ड होता १२३४५६. अशी यादी हाती आली, की चोर तेच नाव आणि तोच पासवर्ड इतर संकेतस्थळांवर लावून पाहतात. हे काम यंत्र करते, त्यामुळे ते कंटाळत नाही. एका क्षुल्लक खेळाच्या खात्याचा पासवर्ड ई-मेललाही असेल, तर खेळाबरोबर ई-मेलही गेला.

आमच्या शिक्षक-खोलीत यावर बराच वाद झाला. एक वडीलधारे सर म्हणाले, "मी सगळे पासवर्ड डायरीत लिहितो. मला भीती नाही." घरच्या कपाटातली डायरी मलाही वाईट वाटत नाही. पण किल्लीची नक्कल चोराकडे गेली आहे, हे डायरी कसे सांगणार? दुसऱ्या मॅडमनी विचारले, "तपासणीच्या निमित्ताने आपले पासवर्ड कंपनीला कळत नाहीत का?" प्रश्न योग्यच होता. क्रोम आपला पासवर्ड उघडा पाठवत नाही. आधी त्याचे सांकेतिक रूप करतो आणि शेवटची जुळणी आपल्याच यंत्रात होते.

पासवर्ड दर महिन्याला बदला, असा सल्लाही पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही. माणूस कंटाळतो आणि शेवटी फक्त एक आकडा बदलतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेनेही २०१७ मध्ये असेच सांगितले : उगाच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, तो फुटल्याचा पुरावा मिळाला, की बदलायला लावा. तपासणी तोच पुरावा देते. परंतु पुरावा मिळूनही माणसे हलत नाहीत. गूगलने २०१९ मध्ये आपल्या तपासणीचा पहिला अनुभव जाहीर केला. पहिल्या महिन्यात ३ लाख १६ हजारांहून अधिक पासवर्ड असुरक्षित आढळले होते. इशारा मिळाल्यावर बदललेले पासवर्ड होते सुमारे २६ टक्के. म्हणजे चारांतील तीन तसेच राहिले!

इथे माझी एक फजिती सांगते. इशारा दिसताच मी घाबरून तो पासवर्ड ब्राउझरच्या यादीतून काढून टाकला. इशारा गेला आणि मी निर्धास्त झाले. माझ्या धाकट्या भावाने कपाळावर हात मारला. "आपा, यादीतून नाव खोडलेस, कुलूप तर तेच आहे ना!" पासवर्ड त्या त्या संकेतस्थळावर जाऊनच बदलावा लागतो. सुरुवात ई-मेलपासून करा, कारण 'पासवर्ड विसरलो' म्हटले, की नवीन पासवर्डची वाट बहुधा ई-मेलमधूनच जाते. मग बँक, मग बाकीचे. प्रत्येकाला वेगळा आणि लांब पासवर्ड द्या. तो पाठ करण्याची गरज नाही. जतन करण्याची सोय त्यासाठीच तर आहे. मात्र शाळेच्या किंवा सायबर कॅफेच्या संगणकाने तोच प्रश्न विचारला, तर 'नको' म्हणा.

माझ्या अकरांपैकी नऊ कुलपे बदलून झाली आहेत. दोन राहिली. त्यांपैकी एका संकेतस्थळावर पासवर्ड बदलायची जागाच सापडत नाही. मी त्यांना पत्र पाठवले आहे आणि उत्तराची वाट पाहत आहे.